दोन मुलांनंतर पाळी भयंकर वाढलीय, सगळे म्हणतात असंच असतं

अर्धीझोप
बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. वय ३८, मुलं दोन, मोठी ९ वर्षांची, धाकटा ४ चा. पहिली नॉर्मल, दुसरं सीझर आणि सीझरच्या वेळीच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही करून घेतलं. मुलं व्हायच्या आधी माझी पाळी म्हणजे चार दिवस, त्यातला चौथा तर नावालाच. दोन मुलांच्या मधली काही वर्षं गर्भनिरोधक गोळ्यांवर होते तेव्हा तर कधी आली कधी गेली कळायचंही नाही. आणि आता धाकट्याचं अंगावरचं दूध सुटल्यापासून जे सुरू झालंय ते आठ-नऊ दिवस, दुसरा आणि तिसरा दिवस तर विचारूच नका. तासा-दीड तासाला पॅड बदलायचं, गाठी पडतात, रात्री दोन पॅड एक पुढे एक मागे, खाली टॉवेल आणि टॉवेलखाली धाकट्याचं जुनं मेणकापड. तो मेणकापडावर झोपायचं सोडून दोन वर्षं झाली, आता मी झोपते, हसावं की रडावं.

गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेत पालकसभा होती. खुर्ची फिकट रंगाची, प्लास्टिकची. अर्ध्या तासातच कळलं की गडबड झालीय. सभा संपली, सगळे उठले, मी आपली मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली, मुलगी म्हणतेय आई चल ना. वर्ग रिकामा झाल्यावर पर्समधल्या वाइप्सनी खुर्ची पुसली, जॅकेट कमरेला बांधलं आणि निघाले. पोरगी सगळं बघत होती, एक शब्द बोलली नाही, फक्त बाहेर पडेपर्यंत माझ्या मागे अगदी चिकटून चालत राहिली, कुणाला दिसू नये म्हणून. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले.

आई म्हणते मुलं झाली की पिशवी सैल पडते, चाळिशीनंतर आपोआप जाईल. डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले, हिमोग्लोबिन १२.१ आलं, नॉर्मल आहे म्हणाले, टॉनिक लिहून दिलं, पाच मिनिटात बाहेर. पण जिना चढले तरी धाप लागते आणि केस तर मुठीने गळतायत. एक मन म्हणतं मोठ्या डॉक्टरकडे जा, दुसरं म्हणतं गेले की पिशवी काढा म्हणतील. तुम्ही कसं निभावता? आणि हे खरंच असंच असतं का?

चौथी_खिडकी
अगं नाही, असंच नसतं. मी पण पाच वर्षं "असंच असतं" म्हणत काढली म्हणून जरा जोरात सांगते.

पुस्तकात नॉर्मल पाळी म्हणजे एका पाळीत ३०-४० मिलि रक्त, आणि ८० मिलिच्या वर गेलं किंवा ७ दिवसांच्या पुढे चाललं की जास्त. आता ८० मिलि कोण मोजत बसणार, म्हणून साध्या खुणा धरायच्या. तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, रात्री बदलायला उठावं लागतंय, एका वेळी दोन पॅड लागतायत, अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठी जातायत. तुझ्या पोस्टमध्ये यातलं काय नाहीये? आणि हल्ली डॉक्टरलोकही मिलिलिटरच्या मागे फार लागत नाहीत, रोजच्या जगण्यात अडथळा येत असेल तर तेवढं उपचार सुरू करायला पुरेसं धरतात. शाळेतली ती खुर्ची पुरेशी आहे बाई.

"पिशवी सैल पडते" हे सगळ्यांच्याच आया सांगतात. माझ्या बाबतीत निघालं अ‍ॅडिनोमायोसिस, म्हणजे पिशवीच्या आतलं अस्तर स्नायूच्या भिंतीत घुसतं आणि पिशवी सुजल्यासारखी मोठी होते, रिपोर्टमध्ये "बल्की युटेरस" असं लिहून येतं. हे मुलं झालेल्या बायकांत जास्त दिसतं त्यामुळे आईचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, पण त्याला नाव आहे आणि उपायही आहेत. तुझं तेच असेल असं नाही, फायब्रॉइड (पिशवीच्या स्नायूतल्या साध्या गाठी) असू शकतात, अस्तरावर पॉलिप (छोटा मांसल कोंब) असू शकतो, थायरॉइड असू शकतं. सीझर झालंय तर आणखी एक, पाळी संपत आल्यावर दोन-तीन दिवस तपकिरी डाग पडत राहतात का? कधी कधी सीझरच्या व्रणाच्या जागी आतून खळगा राहतो आणि त्यात रक्त साठून नंतर झिरपत राहतं. सोनोग्राफी करणाऱ्याला सीझर झालंय हे आवर्जून सांग, आणि सोनोग्राफी आतून करायची, पोटावरून केलेल्यात बारीकसारीक सुटतं.

काचपट्टी
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण एक गोष्ट रोज बघते म्हणून लिहिते. अर्धीझोप, तुझं फेरिटिन (शरीरात साठवलेलं लोह किती ते सांगणारी रक्ततपासणी) केलंय का? केलं नसणार.

हिमोग्लोबिन १२ च्या वर म्हणजे रिपोर्टवर लाल अक्षर येत नाही, बस. पण हिमोग्लोबिन हा खिशातला पैसा आहे, फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. शरीर आधी बँक रिकामी करतं आणि खिसा भरलेला दाखवत राहतं, खिसा हलका व्हायला लागतो तोपर्यंत बँकेत काही उरलेलं नसतं. १ मिलि रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. आतड्यातून शरीर दिवसाला १-२ मिलिग्रॅमच आत घेतं. म्हणजे दर महिन्याला १५० मिलि जात असेल तर ७५ मिलिग्रॅम लोह गेलं, आणि आलं किती, ३० ते ६०. दोन बाळंतपणं आणि अंगावरचं दूध त्याआधीच झालेलं. गणित तूच कर.

फेरिटिन ३० च्या खाली असेल तर बहुतेक डॉक्टर लोह कमी आहे असंच धरतात, हिमोग्लोबिन काहीही असो. धाप, केस, रात्री पाय सारखे हलवावेसे वाटणं, बर्फ चघळावासा वाटणं (हो, बर्फ, हे खरंच लक्षण आहे, आमच्याकडे एक बाई रोज ट्रे भरून खायच्या, फेरिटिन ४ निघालं) हे सगळं त्यात येतं. फक्त ताप किंवा इन्फेक्शन चालू असताना फेरिटिन करू नकोस, तेव्हा ते खोटं वाढलेलं दिसतं.

टॉनिकच्या बाटलीत लोह किती असतं ते लेबल वाच एकदा, बऱ्याचदा नावापुरतंच असतं. लोहाची गोळी घेतलीस तर चहा-कॉफी, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीची गोळी यांच्याबरोबर नको, थायरॉइडची गोळी चालू असेल तर मध्ये चार तासांचं अंतर. आणि दिवसाआड घेतली तरी चालते का हे डॉक्टरना विचार, कारण एक गोळी घेतली की हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि साधारण दिवसभर आतड्याचं दार अर्धवट लावून घेतं, मग दुसऱ्या दिवशीची गोळी नीट आत जात नाही, पोट मात्र बिघडतं. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. हिमोग्लोबिन नॉर्मल आलं म्हणून लगेच बंद करायचं नाही, पुढे निदान तीन महिने चालू, बँक भरायचीय अजून.

जुनं_पान
मी तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी, साठीची आहे. आमच्या वेळी हे सगळं नव्हतं, आम्ही काळे कपडे घालून आणि जुन्या चादरी फाडून काढलं, पन्नाशीला थांबलं आणि सुटले. इतकं घाबरून जाऊ नये मुलींनो, बाईच्या जातीला हे आहेच. गोळ्यांचे दुष्परिणाम पण असतात.

चौथी_खिडकी
ताई, तुमच्या काढण्याबद्दल आदरच आहे, पण अर्धीझोप ३८ ची आहे, पन्नाशीला अजून १२ वर्षं. वर्षाला बारा-तेरा पाळ्या धरा, दीडशेच्या आसपास होतात. दीडशे पालकसभा.

जुनं_पान
हे मात्र खरं. माझं हिमोग्लोबिन ६ वर गेलं होतं आणि रक्त चढवावं लागलं होतं, ते लिहायचं राहिलं.

काचपट्टी
ताई!! हेच तर आधी लिहायचं होतं ना.

शाईचा_डाग
अर्धीझोप, तू लिहिलंस की मध्ये काही वर्षं गोळ्यांवर होतीस आणि मग ऑपरेशन केलंस. मला आधी वाटायचं की ऑपरेशनमुळे पाळी वाढली, सगळ्या बायका तसंच म्हणतात. पण मोठ्या अभ्यासात तसं दिसलेलं नाही, नळ्या बांधल्याने पाळी वाढत नाही. होतं काय की गोळ्या अस्तर पातळ ठेवतात, म्हणून गोळ्यांवर पाळी थोडीशीच जाते, आणि ऑपरेशन झालं की आपण गोळ्या सोडतो, मग आपली मूळची पाळी, तीही दहा वर्षांनी मोठ्या झालेल्या शरीराची, परत येते आणि दोष ऑपरेशनला. तांबीचं मात्र खरं आहे, तांब्याची कॉपर टी बसवलेल्यांची पाळी वाढू शकते.

आता कामाचं. डॉक्टरसमोर बसून "खूप जातं हो" म्हटलं की ते मान डोलावतात. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा कागद घेऊन गेले. एक मार्कांचा तक्ता असतो, १९९० पासून वापरात आहे, फार सोपा. पॅडला नुसता डाग असेल तर १ मार्क, बऱ्यापैकी भिजलं असेल तर ५, पूर्ण भिजलं तर २०. छोटी गाठ १, मोठी गाठ ५. पूर्ण पाळीचे मिळवायचे, १०० च्या वर गेलं म्हणजे ते ८० मिलिच्या पलीकडे असावं असं धरतात. बाथरूमच्या दाराच्या आत कॅलेंडर लावून पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली होती मी, नवऱ्याला वाटलं दुधाचा हिशोब आहे. माझे झाले २६०. तो कागद टेबलावर ठेवल्यावर डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, पहिल्यांदाच.

डाग धुताना गार पाणी, गरम अजिबात नको, गरम पाण्याने रक्त कापडात पक्कं बसतं. गादीला वॉटरप्रूफ कव्हर मिळतं, मेणकापडासारखं चरचर वाजत नाही, ते घे आणि मेणकापडाला निवृत्ती दे. पिरियड पँटी पॅडच्या जोडीला म्हणून चांगली, जास्त दिवसात एकटीवर भरवसा नको. पाळीचा कप वापरणार असशील तर त्यावर मिलिच्या खुणा असतात, त्यामुळे अंदाज येतो, माझा दुसऱ्या दिवशी दोन तासात काठोकाठ भरायचा तेव्हा मलाच धक्का बसला होता.

अर्धीझोप
सगळ्यांना काय म्हणू. फेरिटिन हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. बर्फाचं वाचून नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, कारण मी फ्रीजरमधला ट्रे रोज संपवते. तपकिरी डाग पण पडतात शेवटी दोन दिवस. तक्ता या पाळीपासून सुरू करतेय. पिशवी काढायची भीती मात्र तशीच आहे, कुणी काढलीय का?

उंबरठा_४३
मी काढली, दोन वर्षं झाली, म्हणून लिहिते. पण आधी हे वाच की मी तिथपर्यंत कशी गेले, कारण थेट तिथे कुणी नेत नाही, नेत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घे.

पहिली पायरी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. यात हार्मोन नसतं, फक्त जास्त जाण्याच्या तीन-चार दिवसांत घ्यायची, बाकी महिनाभर काही नाही. रक्ताची गुठळी विरघळू देत नाही म्हणून जाणं कमी होतं, बऱ्याच जणींना जवळजवळ निम्म्याने. मात्र पायात किंवा फुप्फुसात गुठळी कधी झाली असेल तर ही चालत नाही, तसं काही असेल तर आधीच सांगायचं. (जाता जाता, हे औषध उताको ओकामोतो या जपानी डॉक्टर बाईंनी नवऱ्याबरोबर शोधलं, १९६२ मध्ये, बाळंतपणानंतर रक्त जाऊन बायका मरतात ते थांबावं म्हणून. बाळंतपणात त्याने जीव वाचतात हे सिद्ध करणारा मोठा अभ्यास आला २०१७ मध्ये आणि बाई २०१६ मध्ये गेल्या. मला हे वाचून फार चुटपुट लागली होती.) बरोबर दुखण्यासाठी मेफेनॅमिक अ‍ॅसिड, जेवल्यावर, त्यानेही रक्त थोडं कमी जातं.

मग हार्मोनची तांबी, तिला तांबी म्हणतात पण तांबं त्यात औषधालाही नसतं, मिरेना वगैरे. ५२ मिलिग्रॅम हार्मोन असतं आणि ते रोज अगदी थोडं थोडं तिथल्या तिथे सुटतं, अस्तर पातळ राहतं. बऱ्याच जणींचं रक्त ८०-९० टक्क्यांनी कमी होतं, काहींची पाळी थांबतेच. पण पहिले तीन ते सहा महिने डाग, डाग आणि डाग, हे आधी सांगितलं नाही तर बायका वैतागून दोन महिन्यात काढून टाकतात. माझ्या एका मैत्रिणीने तेच केलं. माझी मात्र आपली आपण निसटून आली, दोनदा, मोठ्या फायब्रॉइडमुळे पोकळीच वाकडी झाली होती.

अस्तर जाळायची पण एक प्रोसिजर असते, अ‍ॅब्लेशन, ती पुढे मूल नकोच असेल त्यांनाच, आणि अ‍ॅडिनोमायोसिस जास्त असेल तर तितकी टिकत नाही असं मला सांगितलं होतं.

एवढं सगळं झाल्यावर मी पिशवी काढली, बीजकोष ठेवून. बीजकोष ठेवले की लगेच रजोनिवृत्ती येत नाही, पण थोडी लवकर येऊ शकते. सहा आठवडे जड उचलायचं नव्हतं आणि तिसऱ्या आठवड्यात मी शहाणपणा करून बादली उचलली, त्याबद्दल वेगळं लिहीन. पश्चात्ताप आहे का, तर नाही. पण ती तुझी आजची काळजी नाहीये.

वाचक_एकटा
मी पुरुष आहे, बायकोसाठी वाचतोय, चालत नसेल तर सांगा. तिचं वय ४६, मधे दोन महिने पाळी आली नाही आणि आता १८ दिवस चालू आहे, ती म्हणते रजोनिवृत्ती जवळ आली की असं होतंच. थांबावं का?

काचपट्टी
चालतं हो, उलट बरं केलंत. थांबू नका. दोन महिने चुकून मग खूप जातंय तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, ४६ व्या वर्षीही. आणि पंचेचाळिशीनंतर असं अनियमित आणि जास्त जात असेल तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला घेतात, बहुतेकदा ओपीडीतच होतं, कारण काही वेळा अस्तर नको तसं वाढलेलं असतं आणि ते लवकर कळलेलं बरं. बहुतेकींचं साधंच निघतं. पण तासाला दोन पॅड असं सलग दोन तास चाललं, किंवा चक्कर, छातीत धडधड, उभं राहवेना, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रात्र असली तरी सरळ इमर्जन्सीला.

वाचक_एकटा
उद्याची वेळ घेतली. ती आता हे सगळं माझ्या खांद्यावरून वाचतेय.

अर्धीझोप
सात आठवड्यांनी येतेय, माफ करा. मार्कांची बेरीज पहिल्या पाळीला ३४२, एकट्या दुसऱ्या दिवसाचे पॅडचे १४० मार्क आणि वर गाठींचे. नवीन डॉक्टरकडे तो कागद दिला, त्यांनी आधी मलाच विचारलं की पहिल्यापासून अशी होती का, दात काढल्यावर किंवा बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, नाकातून येतं का, कारण काहींना रक्त गोठण्याचाच जन्मजात त्रास असतो. माझं तसं नाही. फेरिटिन ६. सहा! हिमोग्लोबिन तेव्हाही ११.८ होतं, म्हणजे काचपट्टी तुझी बँक. सोनोग्राफीत बल्की युटेरस, अ‍ॅडिनोमायोसिस, आणि सीझरच्या व्रणाजवळ छोटा खळगा, तो आत्ता काही करायचा नाही म्हणाल्या.

या महिन्यात ट्रॅनेक्झॅमिक घेतल्या, बेरीज १९०. म्हणजे अजून जास्तच, पण रात्री एकदाच उठले आणि दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडायला स्वतः गेले. तिला पण थोडं समजावून सांगितलं, तिने विचारलं की मग त्या दिवशी तू मला का नाही सांगितलंस, मी माझं दप्तर धरलं असतं ना मागे. काय उत्तर देणार.

गोळ्यांनी आणखी दोन महिने बघायचं, नाहीतर ती हार्मोनची तांबी. चौथी_खिडकी, तू बसवली असशील तर सांग, बसवताना दुखतं का? खरं सांग.

चौथी_खिडकी
दुखतं. म्हणजे मला दुखलं, दोन-तीन मिनिटं चांगलंच, मग दिवसभर पाळीसारखी कळ. माझ्या बहिणीला काहीच जाणवलं नाही. भूल द्याल का, जागा बधिर कराल का हे आधीच विचार, मागायला लाजू नकोस. मी एक तास आधी पेनकिलर घेतली होती डॉक्टरांना विचारून. रिकाम्या पोटी जाऊ नकोस, मला उठताना घेरी आली होती. आणि घरी सोडायला कुणीतरी बरोबर ने, पुढचे काही महिने पर्समध्ये पॅड असू देच.